ढिला पट्टा

पितृपंधरवडा लागला की मधुकर तिथ्या मोजू लागायचा. हिंगणीत त्याला सगळे मधुकरराव म्हणत. साठीकडे झुकलेला माणूस, सेलू-वर्ध्याच्या बाजारात त्याच्या वांग्यांना नाव होतं, चारचौघांत बोलायला उठला तर लोक गप्प बसून ऐकत. घरात मात्र तो अजून धाकटा मधुकरच होता. सप्तमीची तिथी जवळ आली की तो आपल्याच घरात चोरासारखा वावरू लागे, कारण त्या दिवशी त्याचा थोरला भाऊ घरी यायचा, आणि थोरल्या भावाला जाऊन चाळीस वर्षं उलटली होती.

प्रभाकर त्याचं नाव. वयाच्या विसाव्या वर्षी, वांग्याला पाणी देताना मोटारीचा शॉक लागून तो वाफ्यातच गेला. त्याच्या आदल्या वर्षी कुठल्याशा सरकारी खात्याची माणसं कॅमेरा घेऊन गावात आली होती. धरणाच्या कालव्यावर भाजीपाला कसा पिकतो याची फिल्म त्यांना काढायची होती, आणि गावात सगळ्यांत धीट बोलणारा म्हणून त्यांनी प्रभाकरला वाफ्यात उभं केलं. ती फिल्म पुढे जीपमधून गावोगाव दाखवली गेली. मग घरोघरी टीव्ही आले, जीप गंजून गेली, मशीन आणि रिळं लिलावात निघाली, तेव्हा वडील महादेवराव जाऊन प्रोजेक्टर आणि ते एवढं एक रीळ घरी घेऊन आले. पोटच्या पोराला भंगारात कोण जाऊ देईल?

तेव्हापासून घरात एक रीत पडली. सप्तमीला दुपारी मधल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या टांगायच्या. वडे, कढी, कोहळ्याची भाजी तयार असे, पण पान वाढायचं नाही. आधी प्रभाकर भिंतीवर येणार, बोलणार, मग त्याचं पान कावळ्यासाठी कौलावर जाणार, आणि त्यानंतर घरातल्यांच्या ताटात पडणार. इथवर ठीक होतं, यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण महादेवराव वारले त्या वर्षी आई, सुलोचनाबाई, रीळ सुरू व्हायच्या आधी भिंतीसमोर हात जोडून बसल्या आणि त्यांनी विचारलं, नवी विहीर खणावी का म्हणून. भिंतीवरचा प्रभाकर दरवर्षीचंच बोलला. "पह्यले भेव वाटे. आता नाई वाटत. पाणी आलं ना, सारं होते." आवाज हलका होता, हसरा होता. विहीर खणली, पाणी लागलं, आणि झालं! तिथून पुढे घरातली प्रत्येक मोठी गोष्ट सप्तमीपर्यंत अडून राहू लागली.

शब्द दरवर्षी तेच असतात हे काय सुलोचनाबाईंना कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. त्या म्हणायच्या, शब्द सिनेमावाल्यांनी घालून दिलेले, त्यात प्रभाकरचा इलाज नाही. पण आवाज त्याचा आहे आणि मन आवाजात असतं. आवाज हलका आला तर होकार, जड आला तर नकार. सुरुवातीची कित्येक वर्षं होकारच होकार होता. दुसरी बैलजोडी घेतली, गोठा बांधला, मधुकरसाठी गोपिका पसंत केली, सगळं प्रभाकरला विचारून. गोपिका सून म्हणून आली तेव्हा पहिल्याच पितृपक्षात मेलेल्या थोरल्या दिराला भिंतीवर बोलताना पाहून तिची दातखीळ बसायची वेळ आली होती. पुढे तिलाही सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

मग आवाज जड व्हायला लागला. कोणत्या वर्षापासून ते सांगता येणार नाही, कारण एका वर्षातून दुसऱ्या वर्षात फरक म्हणावा तर नखाएवढा. पण विशीतल्या पोराचा आवाज बघता बघता तिशीतल्या माणसासारखा, मग चाळिशीतल्या माणसासारखा झाला. भिंतीवरचं त्याचं चालणंही संथ झालं. वाफ्यातून तो दमल्यासारखा पाय उचलत पुढे यायचा, सावकाश मान वर करायचा आणि खोलीतल्या माणसांकडे अशा नजरेनं पाहायचा की मधुकरला घाम फुटायचा. दादा आपल्याबरोबर म्हातारा होत चालला आहे, हे घरात कोणी ठरवलं नाही, कोणी बोललंही नाही, पण सगळ्यांनी मानून टाकलं. एका वर्षी तर सुलोचनाबाईंनी त्याच्या पानातलं तिखट कमी करायला लावलं, या वयात त्याला सोसणार नाही म्हणून.

आणि आवाज जड झाला तसे नकार सुरू झाले. ट्रॅक्टर नको. मळ्यात घर नको. मधुकरच्या थोरल्या लेकीला, प्रेरणाला, नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला, तेव्हा सप्तमीला तिची आजी भिंतीपुढे बसली, तो जड आवाज ऐकला आणि नुसती मान हलवली. प्रेरणानं जेवण टाकलं, रडली, बापाच्या तोंडाकडे आशेनं पाहत राहिली. बाप मूग गिळून बसला. तिला पुढल्या उन्हाळ्यात रोहण्याला दिलं. घर बरं होतं, जावई बरा होता, नाव ठेवायला जागा नव्हती, आणि मधुकरनं आपल्या मनाला तेच सांगून गप्प केलं होतं.

यंदा पाळी धाकटीची होती. आचलचं वर्ध्याला बीएस्सी झालं होतं आणि पुण्याच्या एका तपासणी प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळाली होती. दिवाळीच्या आत हजर व्हायचं होतं. तिनं आजीला विचारलं नाही, बापाला विचारलं. बाप म्हणाला, सप्तमी होऊ दे.  त्यावर ती उठून आत गेली, आणि आतून बराच वेळ भांड्याचासुद्धा आवाज आला नाही. मधुकरला तसं गप्प राहणं ओळखीचं होतं.

तिथीच्या दोन-चार दिवस आधी मशीन काढून चालवून पाहायचं काम त्याचंच. वर्षभर ते आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत असायचं. त्यानं बाजूचं झाकण उघडलं, बटण दाबलं, मोटर गुणगुणली, पण चाक फिरेना. आत बोट घातलं तर मोटरीवरून मोठ्या पुलीवर जाणारा रबरी पट्टा तुटून काळा चिकट लगदा झाला होता. बोटाला लागला तो साबणानंही निघेना. दारातून सुलोचनाबाईंनी पाहिलं. ऐंशी वर्षांची बाई, दिसायला कमी झालं होतं, पण कान शाबूत. मोटर नुसतीच गुणगुणते आहे एवढ्यावरून त्यांना सगळं समजलं.

"यंदा येत नाई का तो?" त्यांनी विचारलं, आणि ते इतक्या हळू विचारलं की मधुकरनं त्याच दुपारी मशीन मोटरसायकलला बांधलं.

सेलूला शिलाई मशीन दुरुस्तीचं एक दुकान आहे. रीताबाई ते चालवतात. त्यांचे वडील अण्णाजी जत्रांमधून टुरिंग टॉकीज न्यायचे; तंबू गेला, पण प्रोजेक्टरचं वेड लेकीत उतरलं. पुण्या-मुंबईचे हौशी लोक त्यांच्याकडे जुनी मशीनं कुरिअरनं पाठवतात, आणि दहांतल्या आठांना एकच रोग असतो, पट्टा गेलेला. रीताबाईंनी मधुकरचं मशीन उघडलं आणि आधी मनसोक्त त्याला झापून घेतलं. एवढं चांगलं यंत्र वर्षातून एकदा चालवायचं आणि बाकी वर्षभर एकाच जागी ताणून ठेवायचं, मग रबर सडेल नाही तर काय करेल? मधुकर ऐकून घेत होता. बायामाणसांचं ऐकून घ्यायची त्याला लहानपणापासून सवय होती.

त्यांनी रॉकेलच्या चिंधीनं लगदा खरवडून काढला. दोन्ही पुलींभोवती दोरा फिरवून माप घेतलं. मग हिरव्या प्लास्टिकच्या गोल दोरीचा तुकडा त्या मापापेक्षा थोडा आखूड कापला, दोन्ही टोकं तापल्या पात्याला लावून वितळवली आणि एकमेकांना दाबून धरली. जोड थंड होईपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता. आखूड का, तर पट्ट्यानं पुलीला घट्ट धरलं पाहिजे; सैल राहिला तर मोटर पळते आणि चाक मागे पडतं. पट्टा चढवला. वडिलांच्या संग्रहातलं एक छोटं रीळ लावलं, त्यात चित्र नव्हतंच, नुसता एक सलग सूर होता. तोच सूर त्यांनी शेजारच्या हार्मोनियमवर दाबून धरला. दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की कुठला पेटीचा आणि कुठला मशीनचा ते सांगता आलं नसतं.

"आता बरोबर बोलन," त्या म्हणाल्या. मग मोटरीची पुली त्यांनी उजेडाकडे वळवली. पट्टा बसायची खाच आरशासारखी लखलखत होती. "हे पाहा भाऊ, पट्टा किती घासला तो. हा आत्ता नाई ढिला झाला. पंधरा-वीस वर्षांपासून घसरून राह्यला. आवाज जड येत असन ना तुमच्या मशीनचा? म्हाताऱ्यासारखा?"

मधुकरनं हो म्हटलं की मान हलवली, त्याचं त्यालाच आठवलं नाही. रीताबाई पुढेही काही सांगत होत्या, मशीन महिन्यातून एकदा तरी फिरवत जा वगैरे. त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. तो त्या चकाकणाऱ्या खाचेकडे पाहत होता आणि त्याला बापाच्या तोंडाकडे पाहणारी प्रेरणा दिसत होती.

परतीच्या वाटेवर त्यानं दोनदा गाडी थांबवली. पहिल्यांदा त्याला वाटलं की घरी जाऊन मायसमोर सगळं सांगून टाकावं. दुसऱ्यांदा वाटलं, कशाला? प्रेरणाचं जे व्हायचं ते होऊन गेलं. दोन लेकरांची आई झाली ती. आता उकरून काढलं तर तिला नर्सची नोकरी मिळणार आहे का? त्यापेक्षा सप्तमीला दादाचा आवाज हलका येईल, माय होकार देईल, आचल पुण्याला जाईल, आणि मागचं मागे राहील. हा विचार त्याला इतका पसंत पडला की घरी पोचेपर्यंत तो जवळजवळ शीळ घालत होता. खरं सांगायचं तर या माणसाचा जन्मच असा गेला होता. हो म्हणायचं तर दादाच्या तोंडून आणि नाही म्हणायचं तर दादाच्याच तोंडून. स्वतःचं तोंड त्यानं जेवायला आणि बाजारात भाव करायला ठेवलं होतं.

सप्तमी उजाडली. दुपारी गोधड्या टांगल्या, खोली काळोखी झाली, बाहेर ऊन रणरणत होतं. सुलोचनाबाई भिंतीपुढे पाटावर बसल्या. गोपिका स्वयंपाकघराच्या दाराशी, आचल मशीनच्या बाजूला जमिनीवर. सुलोचनाबाईंनी हात जोडले आणि पोरीला पुण्याला पाठवावं का म्हणून विचारलं. मधुकरनं बटण दाबलं.

भिंतीवर वाफे आले. आणि वाफ्यांमधून एक पोरगा तरातरा चालत आला.

मधुकरच्या अंगावर काटा आला. हा दादा होता? हा तर मिसरूडसुद्धा धड न फुटलेला पोरगा होता. त्यानं नाक खाजवलं, चटकन मागे कोणाकडे तरी पाहिलं, आणि इतकी वर्षं जी नजर मधुकरला रागाची वाटत आली होती ती राग नव्हतीच. पोराला हसू आवरत नव्हतं. तो बोलायला लागला, पातळ, घाईघाईच्या आवाजात. कालव्याचं सांगितलं, वांग्याचं सांगितलं. मधुकरला आपल्या दादाची भीती वाटत आली होती, आणि आज त्याला त्या पोराला हाक मारावीशी वाटली, पाण्याच्या मोटारीजवळ जाऊ नको रे म्हणून सांगावंसं वाटलं. त्याचे डोळे भरून आले.

"पह्यले भेव वाटे. आता नाई वाटत. पाणी आलं ना, सारं होते."

रीळ संपलं. पांढऱ्या उजेडात सुलोचनाबाईंचे जोडलेले हात तसेच होते.

"हा कोण पोरगा होय?" त्यांनी विचारलं.

मधुकर म्हणाला, आपला प्रभाकरच आहे, माय. त्यांनी मान हलवली. आपल्या लेकाचा आवाज आपल्याला कळत नाही का, असं विचारलं. मशीन दुकानात नेलं तिथे कोणीतरी रीळ बदललं असेल असं त्यांना वाटलं. मधुकरनं सांगितलं की रीळ घराबाहेर गेलंच नव्हतं. मग त्या एकदम घाबरल्या. म्हाताऱ्या माणसाचं घाबरणं बघवत नाही. त्या पाटावरून पुढे सरकल्या, भिंतीवर हात फिरवू लागल्या आणि म्हणू लागल्या की तो आला नाही, यंदा तो आलाच नाही, दुसऱ्याच कोणाला धाडलं, आपल्यावर रुसला. गोपिकानं त्यांना धरलं. सुलोचनाबाईंनी सांगितलं की पान वाढायचं नाही. तो येईतोवर त्या स्वतः पाणीही घेणार नाहीत. आणि त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की त्या खरंच घेणार नाहीत.

मधुकरनं रीळ मागे गुंडाळून पुन्हा लावलं. त्यानं काय करायचं ते ठरवलं नव्हतं, निदान तो पुढे तसंच म्हणत राहिला. मशीनचं झाकण त्यानं उघडंच ठेवलं आणि चित्र सुरू झाल्याबरोबर अंगठा मोठ्या पुलीवर टेकवला.

चाक मंदावलं. भिंतीवरच्या पोराचे पाय जड झाले. तो दमल्यासारखा वाफ्यातून पुढे येऊ लागला, सावकाश मान वर केली, हसू मावळून चेहऱ्यावर ती ओळखीची नजर आली, आणि तोंड उघडलं तेव्हा आतून साठीतला माणूस बोलला. खोली एका क्षणात गार पडली. आपल्या अंगठ्यानंच हे घडतं आहे हे माहीत असूनही मधुकर त्या आवाजाला भ्यायला.

"आला व माय," सुलोचनाबाई पुटपुटल्या. त्यांचे खांदे सैल पडले. त्या रडत होत्या आणि हसत होत्या. मग त्यांनी कान दिला, नेहमीसारखी मान तिरपी केली, आणि थोड्या वेळानं ती मान डावीकडून उजवीकडे हलू लागली. "नाई म्हणते, पोरी," त्या आचलला म्हणाल्या. "जाऊ नको म्हणते."

मधुकरचा अंगठा भाजत होता. त्यानं आचलकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत नव्हती. उड्या मारणाऱ्या उजेडात ती बापाच्या हाताकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आश्चर्य होतं. एवढ्या जवळून तिनं बापाला नाही म्हणताना प्रथमच पाहिलं असावं.

"पह्यले भेव वाटे," जड आवाज म्हणाला.

मधुकरनं अंगठा उचलला.

"आता नाई वाटत. पाणी आलं ना, सारं होते." एका वाक्यातून दुसऱ्यात जाईपर्यंत आवाज साठीतून उतरत विशीत आला. म्हातारा सगळ्यांच्या देखत पोर झाला, आणि पोर हसत हसत उजेडात नाहीसं झालं.

रीळ संपलं. मग सुलोचनाबाईंनी खिडकीची गोधडी काढायला सांगितली. ऊन आत आलं. त्यांनी मधुकरला जवळ बोलावून त्याचा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्यावरून बोट फिरवलं. कातडी सोलली होती. या बाईला दिसत कमी होतं, पण काही कळायचं राहत नव्हतं.

"तू त्याले धरून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या.

तेव्हा त्यानं सांगितलं. पट्ट्याचं, खाचेचं, रीताबाई काय म्हणाल्या त्याचं. मान खाली घालून, एकेक गोष्ट. मशीन हळू फिरलं म्हणजे आवाज जड होतो, दादा म्हातारा झाला नव्हता, दादा नाही म्हणतच नव्हता. सुलोचनाबाईंनी पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलं. समजत गेलं तशा त्या लहान होत गेल्या. चाळीस वर्षं जो लेक घरात राहून पोक्त झाला, ज्याच्या भरवशावर त्यांनी हा संसार हाकला, तो आज दुपारी विसाव्या वर्षी मेला होता. त्या पोरासाठी त्या रडल्या, मोठ्यानं, ऊर बडवून, वाफ्यातून त्याला उचलून आणला त्या दिवशी रडल्या असतील तशा. गोपिकाही रडली, तिनं तर त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

रडणं ओसरलं तेव्हा त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मंग प्रेरणाच्या वक्ती?"

"तवाबी पट्टा ढिलाच होता, माय."

"म्हणजे त्यानं नाई म्हटलं नव्हतं."

"नाई."

"मंग तिले नाई कोण म्हटलं रे?"

मधुकरनं तोंड उघडलं. मी म्हटलं असं सांगावं, तर तेही खरं नव्हतं; तो त्या दिवशी काहीच म्हणाला नव्हता. आई म्हणावी, तर तिनं लेकाचं ऐकलं होतं. लेक तर हसत होता. शेवटी जे खरं होतं तेच त्याच्या तोंडून आलं.

"कोणीच नाई, माय."

सुलोचनाबाई भिंतीकडे बघत राहिल्या. भिंतीवर आता ऊन होतं आणि पोपडे होते. मग मधुकरनं आचलकडे वळून सांगितलं की तिनं पुण्याला जायचं, तिकीट आजच काढायचं, आणि हे दादा सांगत नाही, तो स्वतः सांगतो आहे. त्याचा आवाज चिरकला. आचलनं मान हलवली. तिला आनंद झाला असेलच, पण त्या खोलीत तो दाखवायला जागा नव्हती.

"प्रेरणाले फोन लाव," सुलोचनाबाई आचलला म्हणाल्या. "मीच सांगतो तिले."

आचलनं फोन लावून स्पीकरवर केला आणि आजीच्या हातात दिला. रोहण्याला घंटी बराच वेळ वाजली. उचलला तेव्हा मागे कुठेतरी लेकरू किरकिरत होतं आणि भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"तुह्या काकानं नाई म्हटलं नव्हतं, बाई," सुलोचनाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "मशीनचा पट्टा ढिला होता. त्याचा होकार होता. तो हासून राह्यला होता, पोरी, हासून राह्यला होता."

तिकडे भांड्यांचा आवाज थांबला. मधुकर हुंदक्याची वाट पाहत होता, रागाची, शिव्याशापांचीही. त्याला त्यातलं काहीही चाललं असतं.

"बरं," प्रेरणा म्हणाली. मग लेकराला थोपटल्याचा आवाज आला. "आचलले जाऊ द्या. ठेवतो आजी, काम पडलं हाय."

फोन बंद झाला. सुलोचनाबाई तो कानाशी धरून तशाच बसून होत्या. प्रेरणा दिवाळीला यायची, उन्हाळ्यात अखजीच्या सणाला यायची, चार दिवस राहून जायची, याच खोलीत बसून बोलायची. पण सुलोचनाबाईंचा कान इतकी वर्षं एकाच आवाजाकडे लागलेला होता.

"मधू," त्यांनी विचारलं, "हिचा आवाज कवा असा जड झाला रे?"